वानखडे सर, खुर्ची आणि कुलूप

वानखडे सर आज सकाळी गेले आणि माझा त्यांच्यावरचा राग काही जात नाहीये.

आजच्या दिवशी असं बोलू नये म्हणे. बोलणार.

माहीत नसलेल्यांसाठी सांगते. महापालिकेच्या शाळेत कुणी नवीन मुख्याध्यापक झालं की रिटायर झालेले सर महिनाभर त्याला तयार करायचे. ऑर्डर नाही, काही नाही, स्वतःहून. ऑफिसचं ट्रेनिंग म्हणजे एक लिंक. व्हिडिओ म्यूट करा, सर्टिफिकेट डाउनलोड करा. झाले तुम्ही लीडर!

मी मुख्याध्यापिका होऊन अमरावतीहून अकोल्याच्या जुन्या शहरात आले. कापसाच्या तेजीतलं कुण्या व्यापाऱ्याचं गोदाम, त्यात आमची शाळा.

तिसऱ्याच दिवशी सर आले आणि माझी खुर्ची स्टोअररूममध्ये बंद करून टाकली.

"सर, हे काय?"

"महिनाभर उभ्या राहा, बाई. खुर्चीत बसलं का फायलीच दिसते."

पायांचे तुकडे पडले. खिडकीच्या कठड्यावर टेकून ऑनलाइन माहिती भरली मी. शिपाईसुद्धा हसायचा.

"सर, काही शिकवणार आहात की नाही?"

"तुमी फिरून राहिल्या ना? तेच शिकणं."

असा संताप यायचा!

चौथ्या आठवड्यात मधल्या सुट्टीत नळाजवळ उभी होते. सहावी-सातवीच्या पोरी डबा खात होत्या, पण पाणी एकही पीत नव्हती.

"काहून गं?"

"संडासले कुलूप असते ना, मॅडम."

ते कुलूप माझ्याच आदेशानं लागलं होतं. तपासणीत स्वच्छतेचे मार्क जाऊ नयेत म्हणून, जॉइन झाले त्याच दिवशी.

कुलूप काढलं आणि सरांना फोन लावला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग सांगितलं काहून नाही? इतके दिवस पोरी तहानलेल्या राहिल्या, सर!"



"मले वाटलं, दोन दिवसात दिसन तुमाले. चुकलं माह्यं, बाई."

तेव्हापासून सगळ्या अकोल्याला माझंच कौतुक सांगत फिरायचे. माझा राग तसाच.

मागच्या आठवड्यात मी सरांना बघायला दवाखान्यात गेले होते. मला न विचारता स्वतःच्या जागी माझं नाव देऊन मोकळे झालेले!

"दोन नवीन हेडमास्तर येऊन राहिले. आता तुमी करा. अन् लेकराईले त्रास दिसला, तर त्याच दिवशी सांगा. माह्यासारखं थांबू नका."

सोमवारी येताहेत दोघं. मला काहीही येत नाही, सर. पण त्याच दिवशी सांगीन.

सुखानं जा.

रागासकट श्रद्धांजली.