चूक तीनदा, दुरुस्ती तीनदा

माझ्या थोरल्या जाऊबाईंना अख्खा डोंगरपट्टा आवाजावरून ओळखतो. मला कोणी आवाजावरून ओळखत नाही, कारण मी काचेच्या अलीकडे बसते, बटणं फिरवते आणि चिडते. आमचं रेडिओ केंद्र म्हणजे किराणा दुकानाच्या वरच्या दोन खोल्या. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेत. बोलणं चालू असताना पंखा बंद, कारण तो घरघरतो. केंद्र निघालं तेव्हा चांगले शिकलेले आवाज आले आणि उकडतंय म्हणून गेले. शाळेतल्या शिपायाची नोकरी संपवून आलेल्या जाऊबाई मात्र मानेवर ओला टॉवेल टाकून नऊ वर्षं त्याच खुर्चीत बसल्यात.

इकडे वर्तमानपत्र तिसऱ्या दिवशी येतं आणि मोबाइलला रेंज हवी तर पाण्याच्या टाकीवर चढावं लागतं. त्यामुळे रेडिओवर जाऊबाई म्हणाल्या, की झालं. हे त्यांनाही ठाऊक आहे. वाचायच्या बातम्यांच्या चिठ्ठ्या मी लिहिते, पण प्रत्येक चिठ्ठी त्या आधी दोनदा मनात वाचतात आणि मग नको ते प्रश्न विचारून माझं डोकं उठवतात.

त्या सोमवारी पहाटे केंद्राच्या फोनवर सरकारी दवाखान्याच्या नर्सबाईंनी सांगितलं, की वरच्या वस्तीतून तपासणीला गेलेल्या दुधात दोष निघालाय, लोकांना सावध करा. आता वरच्या वस्तीत दूध कोण विकतं, हे काय मला कोणी सांगायला हवं? वीस वर्षं दूधवाल्या मावशी. मी आपल्या शहाणपणाने लिहून टाकलं, 'वरच्या वस्तीच्या दूधवाल्या मावशींचं दूध घेऊ नका.' जाऊबाईंनी विचारलंच, नर्सबाईंनी मावशींचं नाव घेतलं का गं? मी फणकाऱ्याने म्हटलं, तिथे दुसरं आहे कोण? उचलली जीभ लावली टाळ्याला. चिठ्ठी सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी अशी तीनदा वाचली गेली.

मंगळवारी मावशी तीन वस्त्या फिरून भरलेला कॅन घेऊन परत आल्या. बुधवारीही तेच. घरात दोन म्हशी आणि अंथरुणाला खिळलेला नवरा, सगळा संसार त्या कॅनवर. बुधवारी दुपारी नर्सबाई तरातरा जिना चढून आल्या. दोष निघाला होता तो एका रिटायर ड्रायव्हरच्या दुधात. त्याने महिन्यापूर्वी दोन गाई घेऊन धंदा सुरू केलेला, आणि मला त्याचा पत्ताच नाही. त्याचं दूध नर्सबाईंनी स्वतः जाऊन थांबवलं होतं. पण मावशींचं काय? चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर माझ्या हातचा.

आमचे अध्यक्ष म्हणजे जुने हेडमास्तर. ते म्हणाले, झाकली मूठ सव्वा लाखाची. पुढच्या आठवड्यात परवान्याच्या तपासणीला माणसं येणार होती. तेव्हा चूकबिक काढू नका, वरच्या वस्तीतलं दूध आता चांगलं आहे एवढंच सांगा. जाऊबाई टेबल पुसत ऐकत होत्या.

"तीनदा बदनाम केलं, तर तीनदा सांगणार," त्या म्हणाल्या. "ज्या वेळांना केलं, त्याच वेळांना."

मग तुमच्या खुर्चीत दुसरं माणूस बसवावं लागेल, असं अध्यक्षांनी सुनावलं.

"बसवा की. शुक्रवारपासून. गुरुवार माझा आहे."

गुरुवारी सकाळी त्यांनी सांगितलं, चूक आमची झाली, मावशींच्या दुधात काही दोष नव्हता आणि नाही. माझा उल्लेखही केला नाही. मावशींचा कॅन भरलेलाच परत आला. दुपारी पुन्हा सांगितलं, तरी पालथ्या घड्यावर पाणी. खालचा दुकानदार मला म्हणाला, बाई मायाळू आहेत हो, गरिबाला पाठीशी घालतायत. मी त्याच्यावर चिडले, नर्सबाईंवर चिडले, न पाहिलेल्या ड्रायव्हरवर तर फारच चिडले. जिच्यावर चिडायचं तिला तेवढं सोडलं.

संध्याकाळी बातम्यांच्या आधी मावशी येऊन जिन्यात बसल्या. नुसतं विचारलं, "हे शेवटचं ना?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. मी आत गेले, पंखा बंद केला आणि खुर्चीजवळ उभी राहिले. जाऊबाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, उठल्या आणि काचेपलीकडे माझ्या स्टुलावर जाऊन बसल्या. लाल दिवा लागला.

"मी धाकटी," मी म्हटलं. "काचेमागे बसते ती. चिठ्ठी मी लिहिली होती. नर्सबाईंनी मावशींचं नाव घेतलं नव्हतं, मी ते मनाचं घातलं. जाऊबाईंनी विचारलं, तर त्यांच्यावरच उखडले. चुकले मी. मावशींचं दूध चांगलं आहे." आवाज फाटका, पण सगळं बोलले.

शुक्रवारी सकाळी नऊच्या आत मावशींचा कॅन रिकामा झाला. दुकानदार सांगत होता, लोक म्हणतायत, हिला उभ्या जन्मात 'चुकले' म्हणताना कोणी ऐकलं नाही. ती म्हणतेय म्हणजे खरंच असणार. हसावं का रडावं मला कळेना.

अध्यक्षांनी दुसरं माणूस काही पाठवलं नाही. जाऊबाई टॉवेल पिळत होत्या. मी विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं मी बोलायला हवं, तर पहिल्याच वेळेला मला का नाही बसवलंत? दोन फेऱ्या फुकट गेल्या ना.

"पहिल्या वेळेला माझ्या धाकाने बोलली असतीस," त्या म्हणाल्या. "म्हणून तर तीन मागून घेतल्या."

मग टॉवेल मानेवर टाकून त्यांनी माझी त्या दिवसाची पहिली चिठ्ठी दोनदा वाचली आणि तिच्यातल्या एका नावावर बोट ठेवलं. मी मुकाट्याने फोन उचलला.