कुंकवाचं कार्ड

शहरात सात रस्ता चौकात सायकलदुरुस्तीच्या दुकानावर एक लाकडी जिना चढून गेलं की तिप्पण्णाचं ‘उन्नती नोकरी केंद्र’ लागायचं. आता तिथे टायर ठेवतात. पण त्र्याहत्तर ते अठ्ठ्याहत्तर या पाच वर्षांत तो जिना बार्शीपासून अक्कलकोटापर्यंतच्या माणसांनी झिजवला, आणि त्यातल्या दोघांची खाली उतरणारी पावलं तिप्पण्णाच्या कानातून शेवटपर्यंत गेली नाहीत.

तिप्पण्णा आधी एका गिरणीच्या टाइम ऑफिसात कारकून होता. बाहत्तरच्या दुष्काळात फाटकावर माणसं कशी हाकलली जातात, ते त्यानं खिडकीतून रोज पाहिलं. पहारेकरी काठी आपटून म्हणायचा, “उद्या या.” उद्या दुसरा पहारेकरी असायचा आणि त्याचाही उद्या असायचा. नोकरी मागणारा माणूस घरातून निघतानाच निम्मा वाकलेला असतो, आणि आपण त्याला उरलेला वाकवतो, असं तिप्पण्णाला वाटायचं. शेवटी त्यानं कारकुनी सोडली. सासऱ्यानं त्याला मूर्खात काढलं. बायको सुंदरम्मानं मात्र माळ्यावर झाडू मारला आणि पाण्याचा माठ भरून ठेवला.

केंद्राची रीत साधी होती. येणाऱ्याला आधी खुर्ची, मग पाणी, मग चौकशी. वहीत नाव घालायचं, आणि आलेल्यानं स्वतःचा पत्ता घातलेलं एक कोरं पोस्टकार्ड ठेवून जायचं. पेढीवर, चादरीच्या कारखान्यात, गोदामात कुठं जागा निघाली की तिप्पण्णा त्याच कार्डावर चार ओळी लिहून टपालात टाकायचा. पहिलं कार्ड तयार झालं तेव्हा सुंदरम्मा नुकतीच पूजेवरून उठली होती. तिनं कार्डाच्या चारही कोपऱ्यांना कुंकवाचं बोट लावलं. म्हणाली, “लग्नाच्या पत्रिकेला लावतो की. मग पोट भरायच्या पत्रिकेला का नको?”

ते कार्ड गावात पोचलं आणि काम झालं. वाईट बातमीच्या पत्राचा कोपरा फाडलेला असतो, हे ज्या घरात अक्षरओळख नाही त्या घरातही ठाऊक असतं. तसंच हे. कुंकू दिसलं की पोराला नोकरी लागली, हे वाचायला शाळा लागत नव्हती. गावोगाव बोलबाला झाला. ‘तिप्पण्णाचं कुंकवाचं कार्ड’ हेच केंद्राचं नाव पडलं आणि पाटीवरचं नाव पाटीवरच राहिलं.

आता बोलणाऱ्याचा कोंडा विकतो आणि न बोलणाऱ्याचे गहू विकत नाहीत, हे तिप्पण्णाला कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यानं एस.टी. स्टँडच्या रस्त्यावरच्या भिंती रंगवून घेतल्या. संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेत हस्तपत्रकं वाटली: ‘नाव नोंदवा, निश्चिंत व्हा. कुंकवाचं कार्ड घरपोच.’ गिऱ्हाईक वाढलं. वहीत तीनशे नावं झाली. जागा मात्र महिन्याला दहा निघाल्या तरी पुष्कळ. त्यात रस्त्यापलीकडे दुसऱ्या एकानं तसंच केंद्र काढलं आणि नोंदवलेली माणसं तिकडे डोकावू लागली.

मग तिप्पण्णानं ‘धीराचं कार्ड’ काढलं. हे तो स्वतःच्या खर्चानं पाठवायचा. त्यावर मजकूर एकच: ‘आपले नाव आमच्या लक्षात आहे. जागा निघताच कळवू. धीर धरावा.’ माणसाला कुणी विसरलेलं नाही, एवढं कळलं तरी त्याला बरं वाटतं, असा त्याचा हिशेब. तो खोटाही नव्हता. पण चार जणांनी येऊन तक्रार केली, “अण्णा, बिनकुंकवाचं कार्ड आलं की घरात मयताचं पत्र आल्यागत वाटतंय.” तेव्हा त्यानं ठरवलं की धीराच्या कार्डालाही कुंकू लावायचं, पण एकाच कोपऱ्याला. चार कोपरे म्हणजे जागा, एक कोपरा म्हणजे धीर. नियम पक्का होता. फक्त तो माळ्यावरच्या दोघांखेरीज कुणालाच माहीत नव्हता.

सुंदरम्मानं कुंकवाचा करंडा मागं ओढला होता. “ब्याड री,” ती म्हणाली. नको म्हणायचं झालं की ती कानडीत जायची. “रिकाम्या कार्डाला कुंकू ब्याड. एक बोट लावलं काय आणि चार लावली काय, बायामाणसं कोपरे मोजत बसत न्हाईत.”

“तुला धंद्यातलं काय कळतं?” तिप्पण्णा म्हणाला. हे वाक्य त्याला पुढं फार महागात पडलं.

शहात्तरच्या फेब्रुवारीत, सकाळी दहाच्या सुमाराला, सोजरबाई आणि तिचा मुलगा जोतीराम जिना चढून वर आले. बाई वेळापूरची. ठेवणीतलं लुगडं नेसलेली, हातात नारळ आणि फडक्यात बांधलेल्या शेंगा. जोतीरामनं दीड वर्षापूर्वी नाव नोंदवलं होतं. बाकावर बार्शीकडची चार नवी माणसं बसली होती, हस्तपत्रक वाचून आलेली.

सोजरबाईनं नारळ टेबलावर ठेवला आणि वाकून नमस्कार केला. “तुमचं कुंकवाचं कार्ड आलं, अण्णा. देवापुढं ठिवलंय. तशीच कुर्डुवाडीला गेले आन पोराला घिऊन आले.”

तिप्पण्णानं वही उघडली. जोतीरामच्या नावापुढं त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: धीराचे, एक कोपरा.

जोतीराम मात्र आईसारखा भाबडा नव्हता. तो जरा पुढं झाला आणि हलक्या आवाजात म्हणाला, “सायेब, मी कार्ड वाचल्यालं न्हाई, म्हणून इचारतो. कुर्डुवाडीला रेल्वेत रोजंदारीवर हाय मी. सलग चार म्हैनं भरलं की नाव कायमच्या यादीत घेत्यात. माजं सतरा दिस ऱ्हायल्यात. मुकादमाला पोट दुकतंय सांगून आलोय. उद्या सकाळी हजर झालो तर खाडा धरणार न्हाई तो. जागा नसंल तर तसं सांगा, रातच्या गाडीनं माघारी जातो.”

इतका सरळ प्रश्न त्या माळ्यावर कधी कुणी विचारला नव्हता. उत्तरही सरळ होतं, दोन शब्दांचं. जागा नाही. एवढं म्हटलं असतं तर जोतीराम रात्रीच्या गाडीत बसला असता, सतरा दिवस भरले असते आणि पुढचं सगळं आयुष्य रुळावर राहिलं असतं. तिप्पण्णाच्या ओठांवर ते शब्द आलेही होते. पण बाकावरची चारही माणसं मान पुढं काढून ऐकत होती. त्यातला एक तर हातातलं कोरं कार्ड खिशात परत सरकवायच्या बेतात होता.

“कुंकवाचं कार्ड कधी फुकट गेलंय का?” तिप्पण्णा हसून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “परवा या. जागा दाखवतो.”

सोजरबाईनं पोराकडं असं बघितलं की, बघ, मी काय म्हणत होते. बाकावरच्या माणसानं कार्ड टेबलावर ठेवलं.

तिप्पण्णा अगदीच हवेत बोलला नव्हता, हेही सांगायला हवं. चनमल्लप्पा चादरवाल्याच्या गोदामाला राखणदार हवा आहे, असं त्याच्या कानावर होतं. तो दुपारीच सायकल दामटत गेला. चनमल्लप्पानं आठवड्यापूर्वीच मेव्हण्याला ठेवून घेतलं होतं. तिथून दोन कारखाने, एक वखार, एक लाकडाचा अड्डा. दुसऱ्या दिवशीही तेच. ज्या फाटकांवरच्या ‘उद्या या’ला कंटाळून त्यानं केंद्र काढलं होतं, त्याच फाटकांवर तो ते ऐकत फिरला, आणि मायलेकरं तोवर धर्मशाळेत शेंगा खाऊन थांबली होती.

परवाच्या दिवशी दोघं वर आली. या वेळी बाक रिकामा होता, म्हणून खरं बोलायला सोपं गेलं. तिप्पण्णानं चार कोपऱ्यांचं आणि एका कोपऱ्याचं सगळं सांगितलं. सांगताना ते त्यालाच पोरकट वाटू लागलं. जोतीरामनं भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिलं. दोन दिवसांचा खाडा पडला होता आणि चार महिने पुन्हा पहिल्यापासून मोजायचे होते, तेही मुकादमानं परत उभं केलं तर.

सोजरबाईनं विचारलं, “मग कुंकू कशापायी लावलंसा?”

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं, म्हणून ती विचारत होती. तिप्पण्णा वहीची पानं उलटत राहिला. सुंदरम्मा माठापाशी पाठ करून उभी होती. शेवटी बाईनं पदर सावरला आणि दोघं खाली उतरली. नारळ टेबलावरच राहिला. तो फोडायचा धीर नवरा-बायकोपैकी कुणाला झाला नाही.

त्या दिवसापासून कुंकू बंद झालं. जागा नसेल त्याला तिप्पण्णा ‘जागा नाही, दुसरीकडे पाहावे’ असं स्पष्ट लिहू लागला. लोकांना ते रुचलं नाही. खरं बोलणाऱ्या दुकानात गर्दी कशी होणार? म्हणू लागले, तिप्पण्णाच्या हाताचा गुण गेला. रस्त्यापलीकडच्यानं हळद-कुंकू दोन्ही लावायला सुरुवात केली आणि त्याचं बरं चाललं. तिप्पण्णाला याचं वाईट वाटलं नाही, असं म्हणणं खोटं होईल. पण त्याहून जास्त त्याला त्या पहिल्या दिवशीचा भरलेला बाक टोचत होता. चार अनोळखी माणसांपुढं पत जाऊ नये म्हणून आपण एकाची भाकरी घालवली, हे तो सुंदरम्माला पुन्हापुन्हा सांगायचा. ती ऐकून घ्यायची.

अठ्ठ्याहत्तरच्या दिवाळीनंतर चनमल्लप्पाचा मेव्हणा गोदाम सोडून गेला आणि चनमल्लप्पानं स्वतः निरोप धाडला, माणूस द्या. तिप्पण्णानं त्याच्याकडून जागा पक्की करून घेतली. जोतीरामचं नाव घालून कार्ड लिहिलं, सुंदरम्माकडून चारही कोपऱ्यांना कुंकू लावून घेतलं, आणि टपालात न टाकता खिशात घालून वेळापूरच्या एस.टी.त बसला.

सोजरबाई दारात डाळ पाखडत होती. तिनं त्याला ओळखलं. बसायला पोतं टाकलं, पाणी दिलं. आधी बसायला, मग पाणी. तिप्पण्णानं कार्ड पुढं केलं. “मावशी, या वेळी खरी जागा आहे. कायमची.”

बाईनं कार्ड हातात घेऊन उलटसुलट केलं. कुंकवावर तिची नजर क्षणभर थांबली. मग तिनं शेजारी हाक मारली, “अगं मथुराबाई, तुज्या सुनंला धाड की जरा. ह्ये कार्ड वाचून दाव म्हणावं.”

लिहिणारा समोर बसलेला होता. तरी सून आली आणि तिनं अडखळत सगळं कार्ड वाचलं. सोजरबाईनं ते पुन्हा एकदा वाचायला लावलं आणि मग मान हलवली.

“खरं हाय म्हणायचं,” ती म्हणाली. “पर जोतीराम हितं कुटं हाय? मुकादमानं परत घेतलं न्हाई त्याला. भिवंडीला गेला, कापडाच्या मागावर. अडीच वर्सं झाली, घरला आला न्हाई. मीच वडून आनला हुता न्हवं त्याला कुर्डुवाडीवनं. माज्यावरच रुसलाय.”

“चूक माझी आहे, मावशी,” तिप्पण्णा म्हणाला.

“व्हय,” ती म्हणाली. मग आत जाऊन तिनं पत्त्याचा एक कागद आणला आणि त्याच्या हातावर ठेवला. “ह्या पत्त्यावर धाडा. येतुय का बगू. पर दुसरं कार्ड लिवा, अण्णा, साधं. कुंकू दिसलं तर वाचायच्या आदीच फाडून टाकंल त्यो.”

तिप्पण्णानं परतताना पंढरपूरच्या स्टँडवर उतरून कोरं कार्ड घेतलं आणि बाकड्यावर बसून तोच मजकूर पुन्हा लिहिला. उत्तर आलं नाही. महिनाभर वाट पाहून चनमल्लप्पानं दुसरा माणूस ठेवला, आणि त्यानंतरच्या आठवड्यात तिप्पण्णानं माळा खाली केला.