आत्याबाईंचं बेट

आमच्या आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, काहीही दाखवा. रामेश्वरच्या बेटावर ते त्याहून मोठं असायचं. आमच्या जानेफळात मारुतीच्या देवळाला नवा सभामंडप झाला तेव्हा सगळं गाव कौतुकानं बघत होतं. आत्याबाई या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या, मागे वळून पाहिलं आणि म्हणाल्या, "बरा हाये. पन बेटावरच्या देवळात इकून पाह्यलं तं तिकडचा मानूस मुंगीयेवढा दिसते." ज्यांनी पदरमोड करून मंडप बांधला ते पाटील शेजारीच उभे होते. मला धरणी दुभंगावी असं झालं.

मी अमडापूरची. वडील शाळामास्तर, त्यामुळे रामेश्वर मला नकाशावर ठाऊक होतं. पण तेव्हा, वऱ्हाडचा कारभार नागपुराहून चालायचा त्या काळात, आमच्याकडच्या बायकांची धाव माहेर, सासर आणि फार तर खामगावचा बाजार, एवढीच. आत्याबाई मात्र मामंजींबरोबर आगगाडीत बसून समुद्र ओलांडून आल्या होत्या. त्याचा अभिमान असावा, माझं काही म्हणणं नाही. पण किती? पांबनचा पूल मी इतक्यांदा ऐकला की तो मीच बांधला असता. गाडी पाण्यावरून मुंगीच्या पावलानं कशी जाते, खाली हिरवं पाणी, वर वारा असा की डोक्यावरचा पदर राहत नाही, आणि जहाज आलं की पूल मधोमध उघडतो. पुढे धनुष्कोडी, तिथं दोन समुद्र भेटतात, एक मुका आणि एक भांडखोर. तिथूनच लंकेची बोट सुटते. देवळाच्या त्या लांबलचक ओवऱ्या रामनाथपुरमच्या राजांनी पिढ्यान् पिढ्या बांधल्या. बापानं सुरू केलं, नातवानं पुरं केलं. "आपल्या घरी पोरानं साधं कुंपन पुरं केलं नाई," हेही त्याच दमात. हे ऐकून आमचे 'हे' मुकाट्यानं शेतावर निघून जात आणि मी चुलीपुढे अडकून पडे.

मी रुसले की तर विचारूच नका, बेटावरच्या मारुतीची गोष्ट ठरलेली. मारुती कैलासाहून पिंड घेऊन वेळेवर आला नाही, म्हणून सीतामाईनं तिथल्या रेतीचीच पिंड केली. मारुती आला, रुसला. रामानं सांगितलं, आधी तुझ्या पिंडीची पूजा, मग हिची. तेव्हापासून तिथं तोच रिवाज. यावरून आत्याबाईंनी काढलेलं तात्पर्य असं, "रुसल्याले पयले वाढा लागते." मी रागानं जेवायला नाही म्हटलं की पहिली गरम भाकर माझ्या ताटात पडे, वर तेल-तिखट, आणि त्याच्याही वर मारुतीची गोष्ट. भाकर खाल्ल्यावाचून राहवत नसे आणि गोष्ट ऐकून राग दुप्पट होई.

एकदा नवरात्रात लोणारला कमळजादेवीच्या दर्शनाला गेलो. म्हटलं, हे पाणी खारट आहे, निदान इथं तरी या बाई गप्प बसतील. त्यांनी बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि मान हलवली. "खारं हाये. पन लाटाच नाई व पोरी. समुद्र झोपला का मेला, काई समजत नाई."

पण खरी पीडा होती रेतीची. रामेश्वरला आत्याबाई आणि मामंजींनी जोडीनं संकल्प सोडला होता. तिथल्या रेतीची पिंड करून पूजायची, ती रेती प्रयागला नेऊन त्रिवेणीत सोडायची, तेव्हा यात्रा पुरी. तिथलं गंगाजल पुन्हा रामेश्वरला न्यायचं असतं म्हणतात, पण त्याचं नाव काढायची आमच्या घरात कोणाची छाती नव्हती. रेती तांब्याच्या लोटीत घरी आली आणि पुढच्याच वर्षी पटकीनं मामंजी गेले. यात्रा अर्धीच राहिली. यात्रा पुरी झाल्याचं गावजेवण, मावंदं, घातलं नाही. आत्याबाईंच्या मनानं घेतलं की मामंजींचा जीव बेटावरच अडकून आहे, रेती प्रयागला पोचेपर्यंत तो सुटायचा नाही. दर वर्षी त्या जायचं काढत. एका वर्षी कापसाची वेचणी, एका वर्षी नणंदेचं लग्न, एका वर्षी पावसानं डोळे वटारलेले. त्या निमूटपणे लोटी पुसून पुन्हा देवापुढे ठेवत. तेवढ्यापुरता माझाही जीव गलबले.

तेवढ्यापुरताच. कारण दुसऱ्या दिवशी कोणी शेजारीण विरजण मागायला येई, आत्याबाई बेट सांगायला बसत, आणि गोष्ट संपली की लोटीचं फडकं सोडून तिच्या हातावर चिमूटभर रेती ठेवत. सासरी निघालेल्या पोरीला चिमूट, विहिरीच्या पायात चिमूट, नव्या बैलजोडीच्या खुरांना चिमूट. लोटी रिकामी होत चालली. एक दिवस माझा संयम सुटला.

"आत्याबाई, हे रेती मामंजीची हाये का साऱ्या गावाची?"

"त्यायचीच व. पन मांगनाऱ्याले नाई कसं म्हनू?"

"मांगते कोन? तुमीच देता!"

"मंग काय, बेटाचं आयकून मानूस रिकाम्या हातानं जाईन?" त्या म्हणाल्या. "अन् थ्यायच्यातलं कोनी ना कोनी काशी-प्रयागले जाईनच ना!"

या तर्कापुढे काय डोकं फोडायचं? मी लोटी उतरंडीतल्या खालच्या मडक्यात लपवली. त्यांनी ती शोधून काढली, आणि शोधायला मदत करणाऱ्या शेजारणीला बक्षीस म्हणून चिमूट दिली.

शेवटी एका वर्षी कापूस बरा झाला आणि ह्यांनी मनावर घेतलं. निघायच्या आदल्या दिवशी लोटी उघडली, तर तळाशी मूठभर रेती.

"माय, इतल्या रेतीत चिमनीची अंघोळ होत नाई!" हे ओरडले.

"तुह्या बापाले पुरते," आत्याबाई म्हणाल्या आणि लोटी पदराखाली घेतली.

खामगावला गाडी धरली. प्रयागपर्यंत ती लोटी मी मांडीवर घेऊन बसले, कारण डब्यातल्या समोरच्या बाईला आत्याबाईंनी भुसावळच्या आधीच पांबनच्या पुलावर चढवलं होतं.

त्रिवेणीवर नावेत बसलो. गढूळ गंगा, सावळी यमुना, मधली रेघ स्पष्ट दिसत होती. मी वाट बघत होते, आता धनुष्कोडीचे दोन समुद्र येणार. पण आत्याबाई गप्प. पंड्याचे मंत्र सुरू झाले तरी गप्प. मला भीतीच वाटली.

"काय झालं, आत्याबाई? बेटावर असंच होतं काय?" आयुष्यात पहिल्यांदा मी होऊन विचारलं.

त्यांनी पाण्यावरची नजर काढली नाही. "पूल, देऊळ, राजे, मारुती, सारं थ्यायनंच सांगतलं व मले. पंड्याले इचारू इचारू सांगत होते. घरी कई दोन शब्द बोलले नाईत. मोठी मानसं होती घरात, बोलता येत नव्हतं. बेटावर दिवसभर माह्या संगं बोलत होते."

म्हणजे मी ऐकत आले तो शब्द न् शब्द मामंजींचा होता, आणि बाई इतकी वर्षं तो जिवंत ठेवत होती.

पंड्यानं खूण केली. आत्याबाईंनी लोटी हातावर पालथी केली आणि हात पाण्यावर धरला. थोडी रेती पडली. मग मूठ मिटली.

"माई, सब छोड़ दो," पंडा म्हणाला.

मूठ उघडेना.

"माय, सोड आता," हे म्हणाले. "बाबाले मोकळं करायले आलो ना आपन?"

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मूठभर रेतीसाठी एवढा प्रवास, नवऱ्याच्या सुटकेसाठी एवढी वर्षं देवापुढे हात जोडले, आणि आता ऐन वेळी हे! पण ते डोळे बघवले नाहीत. मी सरकून त्यांच्या मुठीवर माझा पदर टाकला, पदराखाली ती मूठ घट्ट धरली आणि पंड्याला सांगितलं, "झालं, महाराज. सारी सोडली."

पंड्यानं हात जोडले. हे माझ्याकडे बघतच राहिले. देवाधर्माच्या कामात मी बोललेलं ते एकच खोटं. घरी आल्यावर थाटानं मावंदं झालं, सगळं जानेफळ जेवलं, तेव्हाही मी ते मागे घेतलं नाही. आणि पुढे आत्याबाई गेल्या तेव्हाही नाही. मामंजी चिमूटभर बेटावर राहिले असतील, तर राहोत बापडे.