एकाच प्लॉटवरची दोन घरं

त्या माळावरचं धुकं आजही माझ्या डोळ्यांपुढून हटत नाही. तेव्हा मी नारायणगावला नेमणुकीस होतो. सकाळची हजेरी उरकत असताना एसटीतून निवृत्त झालेले एक चालक ठाण्यात आले.

"साहेब, माज्या प्लॉटवर कुणीतरी मोगरा लावलाय."

ठाणे अंमलदार हसला. मी मात्र गाडी काढायला सांगितली.

माळावर फक्कीच्या पांढऱ्या रेघा, बाकी सगळं धुकं. त्यात एक बाई रोपाला पाणी घालत होत्या. महाळुंगे पडवळच्या, सरकारी दवाखान्यात परिचारिका. दोघांकडेही एकाच क्रमांकाच्या प्लॉटचं साठेखत निघालं, म्हणजे पुढे खरेदी करून देण्याचा करार.

"हितं माजं सैपाकघर," बाई म्हणाल्या.

"तितं तर माजी वसरी हाय," चालक हळूच बोलले.

भांडण झालं नाही. त्या रिकाम्या जागेत दोघंही जपून पावलं टाकत होते, भिंतीला धक्का लागू नये अशा बेताने.

तलाठ्याकडून सातबारा मागवला. जमीन अजून मूळ शेतकऱ्याच्याच नावावर, बिनशेती परवानगीही नाही. हप्त्यांवर प्लॉट विकणाऱ्याला चौकशीला बोलावलं. माणूस गोड बोलायचा.

"साहेब, खरेदीखत लांबलं, एवढंच. हे दिवाणी प्रकरण आहे."

वरिष्ठांचंही तेच मत पडलं. तेव्हा बाईंनी पिशवीतून हप्त्याची पावती काढली. मागे बारीक अक्षरात छापलं होतं: प्लॉट नको असल्यास तीन वर्षांनी रक्कम वाढीसह परत. मी ते दोनदा वाचलं. म्हणजे ही नुसती जमिनीची विक्री नव्हती, ही ठेव होती. आणि ठेवीदारांच्या संरक्षणाचा कायदा राज्यात नुकताच आला होता.

मी ती पावती विकणाऱ्याच्या पुढ्यात ठेवली. त्याने पाणी मागितलं, आणि कोणता प्लॉट कुणाकुणाला दिला ते सांगत गेला.

फसवणुकीबरोबर त्या कायद्याची कलमं लावली. त्याची मालमत्ता जप्त झाली. पुष्कळ वर्षांनी, कोर्टाच्या हुकमाने, लोकांना काही रक्कम परत मिळाली. घर कुणालाच मिळालं नाही.

जबाब घेताना मी बाईंना विचारलं होतं, "सातबारा का पाहिला नाहीत?"

"लई वेळा वाटलं बघावा. पर नाव दुसऱ्याचंच निघालं तर? घर मोडलं असतं, साहेब."

फसणारी माणसं हावरी असतात नाहीतर अडाणी, असं मी तोवर समजत होतो. बदलीच्या वेळी टेबलाचा खण रिकामा केला, तेव्हा तळाशी त्याच योजनेचं माहितीपत्रक सापडलं. तक्रार येण्याआधी कधीतरी आणलेलं. कोपऱ्यातल्या एका प्लॉटवर पेन्सिलीने तीन खोल्या आखून आत नावं लिहिली होती. अक्षर माझंच होतं.