मास्तरांसाठी पेपर क्रेन

बांधकामावर त्याला सगळे टेहळ्या म्हणत. उंच क्रेनच्या केबिनमध्ये बसून तो दिवसभर खाली बघायचा, म्हणून हे नाव पडलं. शेजारच्या गच्चीवर कोण पिंपात काय पेरतंय, समोरच्या दुकानदाराने पाटी का बदलली, रस्ता खोदणाऱ्यांना हवा तो पाइप सापडला का, याची उत्तरं मिळेपर्यंत त्याला चैन पडत नसे. क्रेनवर तो गेला तोही या खोडीपायीच. विटा वाहणारा मजूर असताना, त्या काचेच्या पेटीत बसून माणूस करतो तरी काय, हे बघायला तो जेवणाच्या सुट्टीत शिडी चढला. तेव्हाच्या चालकाने आधी शिव्या घातल्या आणि मग, बहुधा कंटाळा आला होता म्हणून, दांडे कसे हलवायचे ते दाखवलं.

काम शिकवलं चालकाने, शिस्त लावली मास्तरांनी. मास्तर म्हणजे खालचे सिग्नलमन. ते हातांनी खुणा करत आणि त्याबरहुकूम वर टेहळ्या सळ्या, विटा, काँक्रीटच्या बादल्या उचलत-उतरवत असे. पुढे वॉकीटॉकी आले. मास्तरांनी आपला खिशात ठेवून दिला. "त्यात नुसती खरखर ऐकू येते आणि तू हो हो म्हणतोस," ते म्हणाले. "त्यापेक्षा हात बरा."

इतक्या वर्षांच्या या जोडीत गंमत अशी, की टेहळ्याला मास्तरांचा चेहरा नीट ठाऊकच नव्हता. त्याच्या लेखी मास्तर म्हणजे एक पिवळं हेल्मेट आणि दोन हात. मास्तरांना मेंदूचा झटका आला आणि टेहळ्या पहिल्यांदा हॉस्पिटलमध्ये भेटायला गेला, तेव्हा तो भलत्याच खाटेशी उभा राहून एका अनोळखी गृहस्थाच्या तब्येतीची चौकशी करत होता. खिडकीकडून "अरे!" ऐकू आलं, तेव्हा त्याने मान वळवली. हेल्मेटखाली चकचकीत टक्कल निघालं.

ते 'अरे' तेवढं आता मास्तरांकडे उरलं होतं. समजत सगळं होतं, पण तोंडातून दुसरा शब्द फुटत नव्हता. पाणी हवं तरी अरे, संताप आला तरी अरे. उजवा हात चादरीवर कुणीतरी विसरून गेल्यासारखा पडलेला.

"हात परत येऊ शकतो म्हणतात डॉक्टर," मास्तरांच्या लेकीने त्याला बाहेर व्हरांड्यात सांगितलं. "पण बाबांनी स्वतः हलवायला हवा, आणि तोही आत्ताच. फिजिओथेरपीच्या ताई रोज येतात. त्या आल्या की हे भिंतीकडे तोंड करतात. हात आखडला काका, की संपलंच मग."

"का करत नाहीत पण?"

"चेंडू दाबायला सांगतात ना. त्यांना तो पोरखेळ वाटतो."

काही दिवसांनी तिचा मेसेज आला. 'बाबांसाठी आम्ही सगळे पेपर क्रेन करतोय. तुम्हीही एक करून आणा ना काका. घड्या नीट घाला. गोंद वापरायचा नाही.'

टेहळ्याला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. सिग्नलमन आजारी पडला तर त्याला क्रेन नाही द्यायची तर काय घड्याळ द्यायचं? उलट पोरीच्या ओळखीत इतक्या लोकांना क्रेन करता येते याचं त्याला नवल वाटलं. फक्त गोंद का नाही, या प्रश्नाने त्याला पछाडलं. त्याने एक कागद हातात उभा धरला, तो लवला. तोच मधोमध दुमडून काटकोनात धरला तर ताठ उभा राहिला. "अस्सं!" टेहळ्या स्वतःशीच म्हणाला आणि जुनं कॅलेंडर भिंतीवरून उतरलं.

"दिवसभर क्रेन चालवून भागलं नाही वाटतं? आता घरी आणलीत?" बायकोने विचारलं.

"मास्तरांसाठी आहे. सगळेच करताहेत."

"सगळे म्हणजे कोण? ज्यांना उद्योग नाही ते?"

पण तीच थोड्या वेळाने समोर येऊन बसली. क्रेनचा आडवा हात जडावून खाली येत होता आणि अख्खं प्रकरण तोंडावर आपटत होतं.

"अहो, तुमच्या त्या मोठ्या क्रेनला मागे वजन असतं ना? मग हिने काय घोडं मारलंय?"

"गोंद नको म्हणालीये ती."

"गोंद नको म्हणालीये. बटणं नकोत असं कुठे म्हणालीये?"

क्रेनच्या शेपटाला जुन्या कोटाची बटणं बसली. टाचणी वाकवून आकडा झाला, शिवणाच्या डब्यातला दोरा त्याला बांधला, दोरा गुंडाळायला पेन्सिल आडवी अडकवली. औषधाची रिकामी डबी क्रेनने झोकात उचलली.

दुसऱ्या दिवशी क्रेनचा खोका काखेत मारून टेहळ्या हॉस्पिटलमध्ये पोचला, तर खिडकीत रंगीबेरंगी कागदी पक्ष्यांची माळ लटकत होती.

"हे बगळे कुणी केले?" त्याने विचारलं.

"बगळे काय, काका! करकोचे आहेत. क्रेन! जपानमध्ये आजाऱ्याला देतात. हजार केले की मनातली इच्छा पुरी होते म्हणे. माझ्या मैत्रिणी करताहेत." तिची नजर खोक्याकडे गेली. "तुम्ही किती आणलेत?"

टेहळ्याने खोका पाठीमागे घेतला. मग राहवेना म्हणून विचारलं, "पक्ष्याला क्रेन म्हणतात?"

"हो."

"का?"

"मान बघा की त्याची."

त्याने बघितली. लांब मान, खाली झुकलेली चोच. "म्हणजे हा आधीचा? आणि आमच्या क्रेनला नाव याचं?"

"असणारच. पक्षी जुना."

आपण इतकी वर्षं एका पाखराच्या मानेशी बसून पोट भरलं, या शोधाने तो इतका खूश झाला की लाजायचं विसरून गेला. तेवढ्यात "अरे!" आलं. मास्तरांचा डावा हात खोक्याकडे होता.

खाटेवरच्या सरकत्या टेबलावर क्रेन उभी राहिली. लेकीने तोंडावर हात दाबून हसू आवरलं. मास्तर हसले नाहीत. त्यांनी बटणं पाहिली, दोरा पाहिला, आणि मान किंचित हलवली. टेहळ्याने पेन्सिल फिरवून डबी उचलली. मास्तरांची डावी तर्जनी खाली वळली आणि गोल फिरली. उतरव. पेन्सिल बोटांतून निसटली, डबी धाडकन बशीत पडली, चमचा उडाला.

"अरे!"

"चुकलो," टेहळ्या म्हणाला आणि डबी पुन्हा वर घेतली.

पुन्हा तर्जनी फिरली, या वेळी डोळे वटारून. त्यांना 'सावकाश' म्हणायचं आहे, हे टेहळ्याला लख्ख कळलं. पण सावकाशची खूण एका हाताची नव्हे. एका हाताने काम सांगायचं आणि दुसरा पंजा त्याच्यावर पालथा, स्थिर धरायचा. तो दुसरा हात चादरीवर होता. टेहळ्याने एकदा त्या हाताकडे बघितलं आणि पेन्सिल सोडून दिली. पाण्याचा पेला आडवा झाला.

"काका, हळू ना!"

"हळूची खूण नाही मिळाली मला."

"अहो, ते कशी देणार?"

टेहळ्याने पेन्सिल पुन्हा फिरवली. डबी तिसऱ्यांदा वर गेली. फिजिओथेरपीच्या ताई चेंडू घेऊन आल्या आणि खाटेच्या पायथ्याशीच थबकल्या. मास्तर लाल झाले होते. आधी उजवा खांदा हलला, मग कोपर घासत पुढे आलं. पंजा चादरीवरून सुटला खरा, पण जेमतेम. तो डाव्या हातापर्यंत पोचेना, तेव्हा मास्तरांनी डावा हातच त्याच्याखाली आणला आणि तर्जनी फिरवली.

पंजा पालथा होता. स्थिर मात्र अजिबात नव्हता. टेहळ्याने क्षणभर विचार केला आणि खूण मान्य केली. पेन्सिल अगदी हलक्या हाताने फिरू लागली. डबी अर्ध्यावर आली आणि पंजा गळून पडला. टेहळ्या थांबला. डबी लोंबकळत राहिली.

"सोडा ना आता, थोडंच तर राहिलंय," लेक म्हणाली.

"खूण गेली की थांबायचं. यांनीच शिकवलंय."

ताईंनी चेंडू खिशात टाकला आणि स्टूल ओढून घेतलं. मास्तरांनी टेहळ्याला उद्देशून एक लांबलचक "अरे" काढलं, ज्यात आणखी बरेच शब्द असावेत. मग धाप ओसरू दिली, आणि उजवा खांदा पुन्हा हलला.