शालूताईच्या यानातली खोली

अकोल्यात दुकानाचं शटर वर करत होतो, तेव्हा पुण्याहून भाच्याचा फोन आला. "मामा, आई गेली." मी विचारलं, "कुठं गेली?" खरंच विचारलं... कारण शालूताई एकटी कुठं जात नसे. त्यानं पुन्हा नुसती "मामा..." अशी हाक मारली, तेव्हा कळलं. सकाळी चहा घेताना ती खुर्चीतच कलंडली होती. शेजारणीनं त्याला कळवलं होतं.

शालूताई माझी थोरली बहीण. अमरावतीत राजापेठेत तिचा शिवणक्लास होता. भाऊजी गेले त्याला बरीच वर्षं झाली. घरासमोरचा रस्ता ओलांडताना ती माझी बाही धरायची. एकदा स्कूटी शिकायला गेली, वळणावर भाजीच्या गाडीवर धडकली आणि पुन्हा तिला हात लावला नाही. मुलगा नोकरीला गेला, त्याचा कॉम्प्युटर घरी राहिला. ताई त्याच्यावर अंतराळयानं बांधू लागली तेव्हा आम्हाला गंमत वाटली. त्या खेळात एकेक ठोकळा जोडून आपलं यान बांधायचं, त्याला इंजिनं लावायची आणि दूरदूरच्या लोकांसोबत उडवायचं. एका दिवाळीत गेलो तर ती कानाला हेडफोन लावून बसलेली. पडद्यावर तिचं यान दोन खडकांच्या फटीतून आडवं होऊन निघालं आणि जागच्या जागी गर्रकन फिरलं.

"हे कसं काय जमलं तुले?" मी विचारलं.

"पुढं जायाचे इंजिन सगळेच लावते," ती म्हणाली. "थांबाचे कोणी लावत नाही. मी सहाही बाजूनं लावले."

"अन् रस्त्यावर माही बाही धरतं तू."

ती हसली नाही. तिनं हेडफोन काढून मांडीवर ठेवला. "इथं भेव नाही वाटत रे. काहून, ते मलेच नाही समजत."

तेरवीच्या दुपारी पंगत उठत आली होती. एक अनोळखी गृहस्थ दारात येऊन उभा राहिला. दाढी पिकलेली, पायांतल्या चपला हातात घेतलेल्या. "कप्तानचं घर हेच का?" त्यानं विचारलं. पत्ता चुकला असावा, असं मला वाटलं. मग त्याची नजर ताईच्या हार घातलेल्या फोटोवर आणि खालच्या नावावर गेली, आणि तो तिथंच उंबऱ्यावर बसला. त्याचं नाव इरफान. नांदगाव खंडेश्वरला त्याचं अवजारांचं दुकान आहे. ताईला त्यानं कधी पाहिलं नव्हतं, फक्त आवाज ओळखीचा. इतके दिवस ती खेळात आली नाही, म्हणून राजापेठेतल्या शिवणक्लासची चौकशी करत तो आला होता. खेळात कोणाचं यान खडकांत अडकलं की सगळे 'कप्तान' म्हणून तिलाच हाक मारत. ती आत शिरून त्यांना ओढून बाहेर काढी. "ती असली की आमाले फिकीर नसे, भाऊ," एवढं बोलून तो रडला. माझ्या डोळ्यांत तोवर पाणी आलं नव्हतं. मी त्याला पाणी दिलं आणि नुसता बघत राहिलो. हा नेमका कोणासाठी रडतोय? आम्ही दोघं एकाच बाईबद्दल बोलतोय ना?

मी त्याला तिचं शेवटचं यान दाखवायला सांगितलं. भाच्यानं कॉम्प्युटर सुरू करून दिला. इरफाननं यान आतून फिरवून दाखवलं. चालकाच्या जागेमागं एक दार होतं. आत छोटी खोली, एक टेबल, दोन खुर्च्या आणि काचेची खिडकी.

"हे कशासाठी?" मी विचारलं.

"कशासाठीच नाही. उलट ह्या खोलीनं जहाज जड होते, वळाले हळू होते. मी किती डाव म्हटलं, ताई, हे काढून टाका. ऐकलं नाही."

"काय म्हणे?"

"म्हणे, राहू दे. कोणी आलं तं बसन कुठी?"

कॉम्प्युटर आता माझ्याकडे अकोल्याला आहे. मला यान उडवता येत नाही. दुपारी दुकान बंद असतं तेव्हा मी कॉम्प्युटर सुरू करतो, यानातलं ते दार उघडतो आणि त्या खोलीत जाऊन बसतो. खिडकीतून एक निळा ग्रह दिसतो. त्या पोकळीत तिच्याकडे कोण येणार होतं... भाऊजी, मुलगा, इरफान, की मी? विचार करतो आणि गोंधळतो. तोवर समोरची खुर्ची रिकामीच असते. मी तिच्याकडे पाठ करून बसत नाही.