गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे

"बाई, तो धडा सोडून द्या. परीक्षेत येत नाही," हेडमास्तर म्हणाले.

लोकसंख्या शिक्षण नावाचा विषय तेव्हा शाळेत नवा आला होता. लग्नाचं वय, लहान कुटुंब, नवराबायकोनं एकमेकांना विचारून चालणं, असं त्यात होतं. अहेरीच्या पुढच्या त्या गावात शिकवायला दुसरं कोणी तयार नव्हतं. मी चिमूरची, बिनलग्नाची, भाड्याच्या खोलीत एकटी राहणारी. विषय माझ्याकडे आला.

मी नववी-दहावीच्या मुलामुलींना एकत्रच बसवलं. संमती हा शब्द फळ्यावर लिहिला. म्हणाले, "विचारायचं, मग थांबायचं. समोरचा मनापासून हो म्हणाला, तरच हो."

दहावीतली विमल उभी राहिली. "बाई, पाव्हण्याईसमोर पोरगी गप्प बसते. मंग तिचं हो समजाचं का?"

मुलं हसली. मी म्हणाले, "नाही. गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे."

दिवाळीनंतर विमलला बघायला पाहुणे आले. कायद्यानं तिचं वय बसत नव्हतं, पण कायदा तालुक्याला राहायचा. मुलाच्या काकानं रिवाजाप्रमाणे विचारलं, "पोरगी तयार हाय ना?" विमल म्हणाली, "नाई. मले शिकाचं हाय." पाहुणे चहा न घेता उठले.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील, नामदेवभाऊ, शाळेत आले. ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"बाई, तुमाले पोरगी नाई. म्हणून दुसऱ्याच्या पोरीले बिघडवून राह्यल्या का?"

मी म्हणाले, "भाऊ, तिला विचारलं, तिनं उत्तर दिलं."

"ते विचारणं उत्तरासाठी नसते, बाई."

हेडमास्तर खिडकीबाहेर बघत होते.

विमलची शाळा बंद झाली. मग आणखी मुली येईनाशा झाल्या. घरमालकीण दूध ठेवून न बोलता जायची. हापशीवर मी गेले की बायका घागरी उचलायच्या. रविवारी दिवसभर कोणाशी बोलणं व्हायचं नाही. संध्याकाळी मी उद्याचा धडा मोठ्यानं वाचायचे. खोलीत आवाज हवा म्हणून.

एका दुपारी सायकलवरून एक तरुण शाळेत आला. बघायला आलेला मुलगा तोच. नाव मारोती, लाकूड डेपोत कामाला.

"मी नामदेवभाऊच्या घरूनच येऊन राह्यलो," तो म्हणाला. "त्याईले सांगतलं, माहा राग नाई. मले बी कोणी विचारलं नोहोतं. शाळेत पाठवा म्हटलं तिले."

"मग मला कशाला सांगायला आलात?"

तो जरा घुटमळला. "गावात कोणी तुमाले सांगन, असं वाटलं नाई."

मी त्याला पाणी दिलं. किती तरी दिवसांनी माझ्याकडे कोणी पाणी प्यालं होतं.

पुढच्या आठवड्यात विमल वर्गात येऊन बसली. त्या साली दहावी पास झाली. पुढं नर्स झाली असं कानावर आलं.

गाव मात्र माझ्याशी बोललं नाही. उन्हाळ्यात माझी राजुऱ्याला बदली झाली. एसटी स्टँडवर मी एकटीच ट्रंकेवर बसले होते. नामदेवभाऊ समोरून बैल घेऊन गेले. मान वळवली नाही.

'नाही' म्हणायला शिकवता येतं. ते ऐकून घ्यायला गावाला वेळ लागतो. तोवर शिकवणाऱ्यानं एकट्यानं जेवायची सवय ठेवावी.